मुक्काम पोस्ट बारामती (आणि इंदापूर)

मंडळी, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक इमारत असतेच असते. खाली रसवंती किंवा मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, बाजूने वर जाणारा अंधारा जिना आणि जिन्याच्या तोंडाशी 'लॉजिंग' अशी पाटी. वर गेलात की काउंटरमागे गणपतीचा फोटो, चाव्यांचा फळा आणि एक लांबोडकं रजिस्टर. चावी हातात पडण्याआधी ते रजिस्टर भरावं लागतं. नाव, वय, पत्ता, धंदा, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण, सोबत किती माणसे, सही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे एक टेबल आहे. अलीकडे त्यात मोबाईल नंबर आणि ओळखपत्राचा नंबर असे दोन रकाने वाढले, बाकी स्कीमा तोच. (आमच्या हापिसात सहा महिने न बदललेला स्कीमा दाखवा आणि बक्षीस मिळवा.) पण मला या टेबलातल्या नसलेल्या रकान्याबद्दल लिहायचंय. शंभर वर्षांपूर्वी याच मुलुखात रात्रीचा आसरा मागणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न जो विचारला जायचा, त्याचा रकाना या रजिस्टरात नाही. तो प्रश्न म्हणजे "जात कोणती?"

उदाहरणाला बारामती आणि इंदापूर घेतलं, कारण पुणे जिल्ह्याचे हे दोन तालुके म्हणजे पहिल्यापासून पाहुण्यांची वाट. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता भिगवण-इंदापूरवरून जातो. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत नीरा ओलांडून अकलूजला उतरते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी इंदापुरात आहे आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गाही. कऱ्हेच्या काठी बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा, आणि त्यांच्याच आश्रयाने राहिलेले कवी मोरोपंत (१७२९-१७९४), जे मूळचे पन्हाळ्याचे. म्हणजे बारामतीचा सगळ्यात प्रसिद्ध साहित्यिक हा बाहेरून आलेला पाहुणाच की! एकदा आले ते कायमचे राहिले.

पंतांसारख्या विद्वान ब्राह्मणाला मुक्कामाची चिंता नव्हती. वाडा होता, पंगत होती. पुराणिक, कीर्तनकार, शास्त्री यांची कुठल्याही वाड्यात सोय व्हायची. सरकारी अंमलदार आला तर पाटलाने त्याची बडदास्त ठेवायची. बाकी वाटसरू मारुतीच्या देवळात, चावडीच्या ओट्यावर, नाहीतर जातभाईच्या घरी पथारी टाकत. आणि या सगळ्या पाहुण्यांना पुढच्या गावाची वाट दाखवणं, अंमलदाराचं सामान वाहणं, घोड्याला चारा घालणं ही कामं गावातल्या महारांकडे वतन म्हणून होती. ज्याच्या जिवावर पाहुणचार चालायचा, त्याला त्याच देवळाच्या ओट्यावर पाठ टेकता येत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात या वतनाविरुद्ध बिल मांडलं. प्रत्यक्षात कनिष्ठ वतनं नाहीशी करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं.

इंग्रजांनी आपल्यापुरती वेगळी सोय केली. साहेब तंबू घेऊन फिरायचा. इंदापूर तालुका तर साहेबांच्या तंबूंचा खास साक्षीदार आहे. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली सारा-आकारणी फसली, तालुका ओस पडू लागला, आणि मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या जोडीने इथूनच नव्याने मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्याची पुढची सगळी जमीन-मोजणी पद्धत इंदापुरात जन्मली. आज आपण ऑनलाइन सातबारा काढतो त्याचं मूळ कुठे जातं बघा. असो, तो वेगळ्या विकांताचा विषय.

तंबूनंतर मुसाफिरी बंगले आले, डाक बंगले आले, तेही मुख्यतः साहेबांसाठी आणि साहेबासारख्या दिसणाऱ्यांसाठी. एतद्देशीयांसाठी धर्मशाळा आणि सराया होत्याच. त्यांच्यासाठी सरकारने १८६७ मध्ये सराई कायदा केला. तो वाचताना मला हसू आलं, कारण त्यात आजचं लॉज आख्खं सापडतं. सराईची नोंदणी करा, खोल्या स्वच्छ ठेवा, रखवालदार नेमा, दरपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावा, आणि मॅजिस्ट्रेट मागेल तेव्हा कोण कोण उतरलंय त्याची माहिती द्या. काउंटरमागे खिळ्याला टांगलेला भाड्याचा तक्ता आणि ते लांबोडकं रजिस्टर, दोघांचं खापरपणजोबापण या कायद्याकडे जातं. सरकारला भीती होती ती ठगांची, चोरांची, साथीच्या रोगांची. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, या भानगडीत मात्र सरकार पडलं नाही. ते काम समाज चोख करत होताच.

धर्मशाळा म्हणजे पुण्यकर्म. कोणीतरी सावकार, व्यापारी, संस्थानिक आईवडिलांच्या स्मरणार्थ बांधायचा आणि दगडावर नाव कोरायचा. पैसे घ्यायचे नाहीत. पण फुकट म्हटलं की देणाऱ्याच्या अटी आल्या. ज्या समाजाचा दाता, त्या समाजाची धर्मशाळा. पंढरपुरात आजही गल्लीतून फिरलात तर पाट्यांवर एकेका समाजाची नावं दिसतात. रेल्वे स्टेशनवर हिंदू पाणी, मुसलमान पाणी वेगळं होतं. हॉटेलांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणांचे' असं अभिमानाने लिहिलेलं असायचं. आणि अस्पृश्यांना यातलं काहीच नाही.

हा प्रश्न किती जिवावरचा होता, ते आंबेडकरांच्याच अनुभवावरून कळतं. परदेशातलं शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. कोलंबियात शिकलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, आणि शहरात उतरायला जागा नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत गेले. व्यवस्थापक म्हणाला, इथे फक्त पारशी राहू शकतात, आणि मला रजिस्टर ठेवावं लागतं. तोडगा असा निघाला की रोज दीड रुपया द्यायचा आणि रजिस्टरात पारशी म्हणून नाव नोंदवायचं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दाराशी उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत चालतं व्हायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिलं, दोघांनीही टाळलं. एका बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले. देशाची घटना लिहिणाऱ्या समितीचा पुढचा अध्यक्ष एका रजिस्टरातल्या रकान्यापायी शहर सोडून गेला. या घटनेबद्दल त्यांनी स्वतः फार साध्या भाषेत लिहून ठेवलंय. साधी आहे म्हणूनच ती वाचवत नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२३ ला, सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव पास करून घेतला. महाडच्या चवदार तळ्यामुळे आपल्याला तो पाण्याचा ठराव म्हणून माहीत असतो. पण त्यात सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या पाणवठ्यांबरोबर शाळा, कोर्ट, दवाखाने आणि धर्मशाळाही होत्या. धर्मशाळा हा शब्द आपण नेहमी विसरतो. पाणी तर रोज लागतं, म्हणून लक्षात राहतं. पण बाजाराला, कोर्टाच्या तारखेला, दवाखान्यात परगावी गेलेल्या माणसाला रात्र कुठे काढायची हा प्रश्न पाण्याइतकाच खरा आहे. ज्याला कुठे झोपता येत नाही, त्याला दिवसभरात परत येता येईल एवढंच जग. बाकी जग त्याच्यासाठी नकाशावर.

आता पालखी. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला असं मानतात. दरवर्षी आषाढात काही लाख माणसं एका रात्रीपुरती बारामतीत उतरतात. शाळा, मंगल कार्यालयं, देवळं, दुकानांच्या फळ्या, तंबू, ट्रकच्या खाली, जिथे पाठ टेकेल तिथे. काटेवाडीला पालखीच्या पायाखाली धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती धावतात. हे सगळं बघून आपण भारावतो आणि "वारीत जात नसते" असं पटकन बोलून जातो. इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' नावाच्या लेखात ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालतानाचं लिहिलंय. एकाच दिंडीत दिवसभर एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे संध्याकाळी जेवायला वेगवेगळे बसत, आणि बाईंना ते सहन होत नव्हतं. चाल एक, पंगती दोन. माझं मत विचाराल तर माणसाची खरी कसोटी दिवसा चालताना लागत नाही. ती संध्याकाळी लागते, भूक लागलेली असते आणि आडवं व्हायचं असतं तेव्हा.

हे ज्याला नीट कळलं होतं तो माणूस म्हणजे गाडगेबाबा. देवळं बांधायची सोडून बाबांनी धर्मशाळा बांधल्या. नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर. पंढरपुरात १९२० च्या सुमारास त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, ज्यांना दुसरीकडे दार बंद होतं त्यांच्यासाठी. चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीपाशी. देवळाचं दार १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. तोपर्यंत बारामती-इंदापूरवरून चालत आलेल्या दलित वारकऱ्याला कळस दिसायचा, आणि झोपायला ही एक हक्काची जागा होती. १९४९ मध्ये बाबांनी ती इमारत आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी.

धर्मशाळेची मक्तेदारी मोडली ती मात्र पुण्याने कमी आणि पैशाने जास्त, असं मला वाटतं. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला, त्यामागे १८७६ च्या दुष्काळाचा धसका होता. पाणी आलं तसा ऊस आला, गूळ आला, बारामतीची बाजारपेठ फुगली. १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला अडीच फुटी नॅरोगेज गाडी सुरू झाली. इंदापूर मात्र रेल्वेबाहेरच राहिलं, मुख्य लाइन भिगवणवरून पुढे निघून गेली. बाजाराला आलेल्या शेतकऱ्याचा मुक्काम अडत्याच्या ओट्यावर. अडत्या झोपायला जागा देणार, चहा पाजणार, प्रसंगी उचलही देणार, आणि त्या बदल्यात तुमचा माल दुसऱ्या पेढीवर जाणार नाही.

ही सोय फक्त आपलीच असेल असं वाटलं होतं, पण पश्चिम आफ्रिकेबद्दल वाचताना तंतोतंत तेच सापडलं. तिकडे हौसा व्यापारी गुरं आणि कोला नावाच्या फळाच्या बिया घेऊन शेकडो मैल फिरायचे. परक्या शहरात ते ज्या वस्तीत उतरत तिला घानामध्ये 'झोंगो' म्हणतात, मूळ अर्थ वाटसरूंचा तळ. तिथे 'माई गिदा', म्हणजे शब्दशः घरधनी, त्यांना फुकट ठेवून घ्यायचा, जेवू घालायचा आणि माल विकून देताना दलाली घ्यायचा. नायजेरियातल्या इबादान शहरात १९१६ मध्ये हौसांची 'साबो' ही वेगळी वस्तीच वसली, आणि ॲबनर कोहेन या अभ्यासकाने तिच्यावर पुस्तक लिहिलं. अक्रा शहरातली निमा, मदिना ही आजची गजबजलेली उपनगरं झोंगो म्हणूनच ओळखली जातात. वाटसरूंचा तळ हळूहळू उपनगर झाला. आपल्याकडे पेठांचं काय वेगळं झालं? फरक एवढाच की झोंगोत उतरायला परका असणं पुरेसं होतं. आपल्याकडे परक्यांमध्येही उतरंड होती.

अमेरिकेतही हा प्रश्न होताच. काळ्या प्रवाशांना कुठलं हॉटेल घेईल याची यादी देणारं 'ग्रीन बुक' तिथे १९३६ पासून तीस वर्षं निघत होतं. आपल्याकडे असं पुस्तक कोणी छापलं नाही. यादी तोंडीच चालायची, आणि फार छोटी होती.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत प्रत्येक तालुक्याला स्टँड आला. स्टँडसमोर लॉज आलं. घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं नावानिशी आली होती. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना असे तिन्ही शब्द आहेत. ज्याने मसुदा केला त्याला कुठे कुठे दारं बंद होतात ते पक्कं ठाऊक असणार. पण कायद्याला हातभार लावला तो लॉजच्या धंद्याने. मालकाला खाट रिकामी ठेवणं परवडत नाही. कॉटबेसिसवर दहा खाटांची खोली, शेजारच्या खाटेवर कोण आहे हे विचारायची सोय नाही आणि वेळही नाही. औषध कंपनीचे एमआर, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार, वरातीतले जादा पाहुणे, मशीन बसवायला आलेले फिटर, १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद कॉलेज सुरू झाल्यावर मुलांना पोचवायला आलेले बाप. पुढे एमआयडीसी आली, पियाजोचा कारखाना आला, आणि बारामतीच्या लॉजात पंजाबी इंजिनियर आणि तमिळ सेल्समन एकाच नळासमोर बादली घेऊन उभे राहू लागले. गरम पाणी सकाळी ६ ते ९.

म्हणून मला या कळकट लॉजांबद्दल जिव्हाळा आहे. पांढऱ्याची पिवळी झालेली चादर, इवलासा साबण, खिडकीबाहेर रात्रभर "इंदापूर, टेंभुर्णी, सोलापूर" अशा हाळ्या. सगळं मान्य. पण पैसे दिले की चावी मिळते, आणि या वाक्याला यायला किती वर्षं लागली ते आपण वर पाहिलंच.

अर्थात हे सगळं गोड मानून घेऊ नये. १९७२ मध्ये बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' मोहीम काढावी लागली, म्हणजे कायद्याला सतरा वर्षं झाल्यावर. गावच्या चहाच्या टपरीवर वेगळे कप पुढेही राहिले. आणि रजिस्टरात रकाना नसला तरी नावाच्या रकान्यात आडनाव असतंच. मॅनेजरने ते वाचून वर बघणं, मग गाव विचारणं, मग गावात कुठली गल्ली ते विचारणं, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला मी वेगळं सांगायला नको. अविवाहित जोडप्यांना आणि 'लोकल आयडी'वाल्यांना नकार देणं तर कित्येक ठिकाणी पाटीवरच लिहिलेलं असतं, आणि शहरांत खोली भाड्याने शोधणाऱ्या मुसलमान किंवा आफ्रिकी विद्यार्थ्याला विचारा, नकार किती सफाईने देतात ते.

आणि एक पाहुणा असा आहे जो या दोन तालुक्यांत दर हिवाळ्यात येतो, महिनोन्महिने राहतो, आणि कुठल्याच रजिस्टरात नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, या कारखान्यांच्या उसावर बीडकडून आणि नगरकडून येणारी ऊसतोड कुटुंबं. कारखान्याच्या आसपासच्या रानात पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कोपी. नळ नाही, संडास नाही, पहाटे चारला थंडीत फडात. त्यांची नोंद असते मुकादमाच्या वहीत. तिथलाही स्कीमा साधाच आहे: नाव, कोयते किती, उचल किती. लॉजच्या रजिस्टरात सही केली की तुम्ही केव्हाही खोली सोडू शकता. मुकादमाच्या वहीत नाव लागलं की उचल फिटेपर्यंत निघता येत नाही. बारामतीचा 'विकास' बघायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी शोरूम, बागा आणि रुंद रस्त्यांबरोबर डिसेंबरात एकदा या कोपीही बघाव्यात. सहज दिसतात, रस्त्याच्या कडेलाच असतात.

इंदापूरच्या उत्तरेला उजनीचं पाणी. १९८० मध्ये धरण पुरं झालं, गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, डिकसळचा जुना इंग्रजी रेल्वेपूल नंतर रस्त्याच्या वाहतुकीला लागला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी काही घरं मासेमारीवर आली. पाणथळ जागा झाली म्हणून रोहित पक्षी आले, पक्ष्यांमागे कॅमेरे आले, आणि भिगवणजवळच्या कुंभारगावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी आपल्या घरात पाहुण्यांच्या खोल्या काढल्या. पुण्या-मुंबईची मंडळी शुक्रवारी रात्री तिथे उतरतात, त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांच्याच चुलीवरचा मासा खातात. शंभर वर्षांपूर्वी या पाहुण्यांच्या पणजोबांनी तिथे पाणी तरी घेतलं असतं का, शंका आहे.

ताटात बहुतेक चिलापी असते, म्हणजे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२ मध्ये भारतात आणला आणि उजनीत असा स्थिरावला की स्थानिक माशांना जागा उरेना. जेवण झालं की घरधनी सांगून ठेवतो, "सकाळी सहाला तयार रहा दादा, ऊन चढलं की पक्षी लांब जात्यात." होडी सहाला सुटते. स्वेटर न्या, पाण्यावर थंडी फार असते.